मुलांची शाळा आणि घरचा हिशेब

यंदा वैशाखांत आमच्या घरीं नातवाची मुंज झाली. पाहुणे पांगले, मांडव उतरला, आणि तिसऱ्या दिवशीं रात्रीं ओटीवर शाळेचा विषय निघाला. नातू तिसरी संपवून चौथींत जावयाचा, आणि त्याची धाकटी बहीण पहिलींत. माझे थोरले बंधू म्हणाले, "मुंज झाली आहे, मुलाचा आवाज चांगला आहे, पाठांतर तर वाखाणण्यासारखें. त्यास वेदपाठशाळेंत घालावा. राहण्याजेवण्याचाही भार पडणार नाहीं." चिरंजीवांचें मत कीं, शहराबाहेर निघालेल्या नव्या इंग्रजी शाळेंत त्याचें नांव घालावें, खर्च होईल, पण मुलाचें भवितव्य आहे. सूनबाईंच्या मनांत कॉन्व्हेंट. तिघांचीं तीन मतें. वाद चांगलाच रंगला.

नातीविषयीं मात्र कोणाचाही मतभेद नव्हता. "ती काय, जवळच्या मराठी शाळेंत जाईल. मुलींस फी नाहींच," असें कोणीतरी म्हणालें आणि सर्वांनीं माना डोलावल्या. मींही डोलावली.

माझी मुलगी मुंजीसाठीं माहेरीं आली होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली ती तशीच उभी राहिली व म्हणाली, "बाबा, माझ्या वेळींही हेंच वाक्य याच ओटीवर बोललें गेलें होतें."

त्या वाक्याकडे मी शेवटीं येणार आहें. आधीं वादाचा निकाल कसा लावावा तें पाहूं. कारण वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हाच वाद थोड्याफार फरकानें चालू असेल. मी स्वतः शालान्त परीक्षेपलीकडे गेलों नाहीं. संस्कृत मात्र पाठशाळेंत बसून शिकलों आणि छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलों. तेव्हां या विषयांत मत देण्याचा अधिकार नसला तरी अनुभव आहे.

वाटा किती?

रत्नागिरी शहर व आसपासचीं गांवें एवढ्यापुरतें पाहिलें तरी पालकांपुढें आज पांच-सहा वाटा आहेत. पहिली नगरपरिषदेच्या आणि खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांची. दुसरी अनुदानित शाळांची. फाटक हायस्कूल, पटवर्धन हायस्कूल हीं नांवें येथील घराघरांत ठाऊक आहेत. तिसरी अनुदान न घेणाऱ्या शाळांची, त्यांत बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या. चौथी धर्मसंस्थांशीं निगडित असलेल्या शाळांची. ख्रिस्ती धर्मभगिनींचें सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंट किंवा मुस्लिम समाजांतील शिक्षणप्रेमी मंडळींच्या संस्थेचें मिस्त्री हायस्कूल हीं त्यांचीं उदाहरणें. पांचवी वाट वेदपाठशाळेची. सहावी, जिच्याकडे आपल्या लोकांचें लक्ष फारसें जात नाहीं, ती जवाहर नवोदय विद्यालयाची. १९८६ च्या शैक्षणिक धोरणांतून निघालेल्या या निवासी शाळांत सहावीसाठीं परीक्षा घेऊन मुलें निवडतात. निदान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण भागांतील मुलांसाठीं असतात आणि शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असतें. नववीपासून कांहीं मुलांकडून दरमहा थोडा विकासनिधि घेतात. मुलींकडून तोही नाहीं. नातू चौथींत जात आहे. म्हणजे या परीक्षेचा विचार करण्यास अजून सवड आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'खासगी म्हणजे महाग' हें समीकरण अलीकडचें आहे. अनुदानित शाळाही खासगी संस्थांनींच काढल्या. परंतु तेथील मान्य शिक्षकांचा पगार सरकार देतें, म्हणून पालकांवर बोजा थोडा. विनाअनुदानित शाळेंत शिक्षकाचा पगार, इमारतीचें कर्ज, शिपाई, वीज, संगणक हें सारें मुलांच्या फीमधून निघावें लागतें. ती शाळा अधिक घेते म्हणून ती लबाड, किंवा अधिक घेते म्हणून ती अधिक चांगली, हीं दोन्ही अनुमानें चुकीचीं. ती अधिक घेते कारण तिला दुसरीकडून मिळत नाहीं.

वेदपाठशाळा

बंधूंच्या म्हणण्याचा मीं आदरानें विचार केला. पूर्वीं गुरुगृहीं राहावयाचें, वार लावून जेवावयाचें, माधुकरी मागावयाची, असा क्रम होता. आतां तसें राहिलेलें नाहीं. केंद्र सरकारच्या आश्रयाखालीं १९८७ मध्यें स्थापन झालेलें उज्जयिनीचें महर्षि सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान देशांतील पाठशाळांस व गुरुजनांस साहाय्य देतें. त्याचा अभ्यासक्रम सात वर्षांचा आहे: पांच वर्षांनीं 'वेदभूषण' आणि पुढें दोन वर्षांनीं 'वेदविभूषण'. या परीक्षांस २०२२ मध्यें अनुक्रमें दहावी व बारावीच्या तोडीची मान्यता मिळाली. ही मोठी सोय झाली. पाठशाळेंतून बाहेर पडलेल्या मुलास महाविद्यालयाचें दार पूर्वीं बंद असे, तें यामुळें उघडलें.

पण ही मान्यता त्या मंडळाशीं जोडलेल्या पाठशाळेपुरतीच आहे. पाटी 'वेदपाठशाळा' अशी असली म्हणजे ती मिळते असें नव्हे. शिवाय बालकांच्या शिक्षणहक्काचा जो २००९ चा कायदा आहे, त्यांतून २०१२ च्या दुरुस्तीनें वेदपाठशाळा व मदरसे वगळले आहेत. म्हणजे शिक्षकांची पात्रता, वर्गखोल्या, विद्यार्थीसंख्येचें प्रमाण यांविषयीं त्या कायद्यानें इतर शाळांवर घातलेलीं बंधनें येथें लागू नाहींत. तेव्हां पाहण्याचें काम बापानेंच करावें लागतें. पाठशाळा कोणत्या मंडळाशीं जोडलेली आहे? गणित, इंग्रजी व विज्ञान शिकविणारा शिक्षक खरोखर आहे काय, कीं वेळापत्रकांतच आहे? मूल आजारी पडलें तर रात्रीं कोण पाहतें? चौदाव्या वर्षीं मुलानें 'मला हें नको' म्हटलें तर तो कोणत्या इयत्तेंत बसेल?

हे प्रश्न मीं बंधूंस विचारले. ते थोडे रागावले, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्वतःच म्हणाले, "अरे, मुलाला विचारलेंच नाहीं आपण." विचारलें. मुलाला क्रिकेट हवें आहे, रुद्र म्हणावयासही आवडतो, पण आईपासून दूर राहावयाचें नाहीं. मला वाटतें निकाल तेथेंच लागला. जो मुलगा ओढीनें जाईल त्यास अवश्य पाठवावा. अशीं मुलें गेलीं नाहींत तर ही विद्या टिकणार नाहीं. परंतु घरचा खर्च वांचतो म्हणून मुलास पाठशाळेंत घालणें हा वेदाचाही अपमान आणि मुलाचाही.

मिशनची शाळा आणि धर्मशास्त्र

सूनबाईंच्या कॉन्व्हेंटवर बंधूंचा आक्षेप अपेक्षितच होता. मुंज झालेला मुलगा परधर्मीयांच्या प्रार्थनेला उभा राहील काय? मीं त्यांस आमच्याच जिल्ह्यांतील एक गोष्ट सांगितली.

म. म. पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालचा, चिपळूणजवळचा. ते शिकले दापोलीस, मिशनच्या हायस्कुलांत. पुढें मुंबईस विल्सन कॉलेजांत, तेंही मिशनचेंच. नंतर कांहीं काळ त्यांनीं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षकाचें काम केलें. त्याच काण्यांनीं १९३० ते १९६२ या काळांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड लिहिले. धर्मशास्त्रांत शंका आली म्हणजे आज जग ज्या ग्रंथाकडे वळतें, त्याचा कर्ता मिशनच्या शाळेंतून बाहेर पडला. १९६३ मध्यें त्यांस 'भारतरत्न' मिळालें. महर्षि धोंडो केशव कर्वे मुरुडचे. तेही मुंबईच्या रॉबर्ट मनी या मिशनच्या शाळेंतूनच १८८१ मध्यें मॅट्रिक झाले. साने गुरुजी पालगडचे. त्यांचेंही शिक्षण कांहीं वर्षें दापोलीच्या मिशन शाळेंत झालें, आणि ती सोडून ते औंधास गेले तें धर्मासाठीं नव्हे, घरच्या गरिबीमुळें.

या तिघांचा धर्म शाळेनें घडविला नाहीं आणि मोडलाही नाहीं. तो घरीं घडला. अर्थात् यावरून कॉन्व्हेंटच चांगलें असा निष्कर्ष कोणी काढूं नये. निष्कर्ष एवढाच कीं, संस्कारांसाठीं शाळेस पैसे मोजावयाचें कारण नाहीं, आणि संस्कार बुडतील या भीतीनें चांगली शाळा टाळावयाचेंही कारण नाहीं. मनाच्या समाधानासाठीं कायदाही ठाऊक असावा. घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेंत अज्ञान मुलास पालकांच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास किंवा उपासनेस हजर राहावयाची सक्ति करतां येत नाहीं. ही संमति देणें न देणें आपल्या हातीं आहे.

पैशाच्या दृष्टीनें आणखी एक भेद आहे. विनाअनुदानित शाळांनीं पहिल्या प्रवेशवर्गांत निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस विनामूल्य द्याव्या, असें शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानें अल्पसंख्याकांच्या शाळा त्यांतून मुक्त झाल्या. महाराष्ट्रांत या जागांसाठीं, जातीचा आधार नसलेल्या घरांस वार्षिक एक लाख रुपयांच्या आंतील उत्पन्नाची मर्यादा आहे. आपल्यांतही भिक्षुकीवर किंवा स्वयंपाकाच्या कामावर चालणारीं घरें आहेत; त्यांनीं संकोच न करतां अर्ज करावा. ही भिक्षा नव्हे, हक्क आहे.

दहा वर्षांचा हिशेब

आतां चिरंजीवांची इंग्रजी शाळा. चिरंजीवांनीं पहिल्या वर्षाची फी सांगितली. मीं म्हटलें, मूल एक वर्ष शिकत नाहीं, दहा वर्षें शिकतें. कागद घेऊन बसलों. पुढील आंकडे कोणत्याही एका शाळेचे नव्हेत. रीत समजावी म्हणून घेतले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या गांवचे आंकडे घालावे.

समजा, पहिल्या वर्षीं फी ४०,००० रुपये, बसभाडें दहा महिन्यांचें १५,०००, आणि गणवेश, पुस्तकें, सहली, स्नेहसंमेलनें मिळून १०,०००, एकूण ६५,०००. महाराष्ट्रांतील शुल्कनियमनाच्या २०११ च्या कायद्याप्रमाणें एकदां ठरलेली फी दोन वर्षें कायम राहते. म्हणून दर दोन वर्षांनीं सर्व खर्च शेंकडा १५ नें वाढेल असें धरूं. पहिलीं दोन वर्षें ६५,००० प्रमाणें, मग ७४,७५०, मग सुमारें ८६,०००, मग ९८,९००, आणि शेवटचीं दोन वर्षें १,१३,७०० च्या आसपास. दहा वर्षांची बेरीज सुमारें ८ लाख ७६ हजार. दोन मुलांचे साडेसतरा लाख.

अनुदानित शाळेंत वह्या, गणवेश, किरकोळ शुल्क मिळून पहिल्या वर्षीं ६,००० धरले, तर त्याच रीतीनें दहा वर्षांचे सुमारें ८१,०००. शेवटचीं तीन वर्षें शिकवणीसाठीं दरसाल १५,००० घातले तरी सव्वा लाख. एका मुलामागें साडेसात लाखांचा फरक. एवढ्या रकमेंत मुलाच्या किंवा मुलीच्या पुढील व्यवसायशिक्षणाचा मोठा भाग भागतो. शाळेवर सारें खर्चून बारावीनंतर कर्ज काढणारीं घरें मीं पाहिलीं आहेत.

ज्यांस खासगी शाळाच निवडावयाची आहे त्यांनीं दोन गोष्टी विसरूं नयेत. त्या कायद्याप्रमाणें फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढें यावा लागतो. सभेची सूचना आली म्हणजे जावें, कागद मागून वाचावा. आणि देणगी म्हणून प्रवेशासाठीं रक्कम मागणें १९८७ पासून महाराष्ट्रांत कायद्यानें बंद आहे. पावतीवांचून एक रुपया देऊं नये.

पत्रकांत न येणारा खर्च

सूनबाई शांतपणें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, हिशेब बरोबर आहे. पण दोन वर्गांना एक शिक्षक असेल, इंग्रजीचा उच्चार त्यालाच येत नसेल, तर स्वस्ताई काय करावयाची?"

प्रश्न रास्त होता. कोंकणांतील खेड्यांत वीसाच्या आंत पट असलेल्या शाळा पुष्कळ आहेत. एकाच शिक्षकास दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात. मीं स्वतः तसें शिकविलें आहे आणि त्यांत मुलांचें नुकसान होतांना पाहिलें आहे. म्हणून नांवावर किंवा फीवर न जातां शाळा पाहून यावी. एखाद्या साध्या दिवशीं दुपारीं जावें. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं नव्हे. किती वर्गांत शिक्षक आहेत हें मोजावें. पांचवींतील तीन मुलांच्या वह्या मागाव्या. लाल शाईची शेवटची खूण कोणत्या तारखेची आहे तें पाहावें. ही खूण महिन्यामागची असली तर शाळेची फी शून्य असो वा लाख, ती महागच.

दुसरा न दिसणारा खर्च वेळाचा. बसमध्यें जाऊन-येऊन दीड तास गेला तर शाळेच्या दोनशें-सवादोनशें दिवसांत तीनशें तासांच्या वर जातात. हा खर्च बाप देत नाहीं, मूल देतें. खेळांतून, झोपेंतून आणि आजीजवळ बसण्यांतून. तिसरा भाषेचा. २०२० च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी शिकविणें आवश्यक केलें आहे. परंतु ज्या भाषेंत मूल रडतें व भांडतें त्या भाषेंत त्यानें विचार करावयास शिकणें ही निराळी गोष्ट. ज्यांस इंग्रजीची काळजी आहे त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, पुष्कळ मराठी शाळांत आतां गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविण्याची सोय झाली आहे आणि आठवीपासून संस्कृतही घेतां येतें.

चौथा सोबतीचा. १९२४ ते १९३७ या काळांत सावरकर रत्नागिरींत स्थानबद्ध होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांस शाळेंत वेगळें न बसवितां सर्वांबरोबर बसवावें म्हणून त्यांनीं याच गांवांत चळवळ केली. तो बाक मिळविण्यासाठीं तेव्हां भांडावें लागलें. आज आपणच पैसे देऊन आपल्यासारख्याच घरांतील मुलांचा वेगळा बाक विकत घेऊं लागलों, तर मूल गांवाला ओळखणार कसें?

मुलगी फुकट असते काय?

आतां माझ्या मुलीच्या वाक्याकडे येतों. महाराष्ट्रांत १९८५-८६ पासून मुलींस बारावीपर्यंतचें शिक्षण माफ झालें. शेंकडों घरांतील मुली त्यामुळें शिकल्या. पण त्या चांगल्या सवलतीचा एक वाईट उपयोग आपण केला: मुलीच्या शिक्षणाचा विचारच करावयाचें सोडून दिलें.

माझा मुलगा दहावी झाला तेव्हां मीं भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढून त्यास पुण्यास ठेवला. तीन वर्षांनीं मुलीस त्याच्याहून अधिक गुण मिळाले. तिनेंही पुण्याचें नांव काढलें. आम्हीं म्हटलें, "येथें तुला फी नाहीं, घरून जातां येतें, मग कशाला?" येथलें शिक्षण वाईट होतें असें मी म्हणत नाहीं. पण तिला निवड कधीं दिलीच गेली नाहीं. त्या रात्रीं ओटीवर ती एवढेंच बोलून आंत गेली. मीं पेटींतून जुनी खर्चाची वही काढली. त्यांत मुलाच्या नांवाचें स्वतंत्र पान आहे: खानावळ, खोली, पुस्तकें, रेल्वे. मुलीच्या नांवाचें पानच नाहीं.

एकत्र कुटुंबांत पैसा एका पेटींतून जातो, आणि कोणाच्या मुलावर किती गेला याची मोजदाद काढणें कोतेपणाचें समजतात. मलाही तसें वाटे. परंतु जेथें मोजदाद नसते तेथें अन्याय झालेला कोणास दिसत नाहीं. ज्याच्यावर होतो त्यालाच तेवढा दिसतो. कर्व्यांनीं १९१६ मध्यें स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें. ते आमच्याच जिल्ह्याचे म्हणून आम्ही त्यांची जयंती करतों. आणि त्याच घरांत नातीच्या शाळेचा निर्णय अर्ध्या मिनिटांत होतो.

शेवटीं आमच्या घरीं असें ठरलें. दोन्ही मुलें एकाच अनुदानित मराठी शाळेंत जातील. चिरंजीव व सूनबाई जाऊन वर्ग व वह्या पाहून आले, त्यानंतरच. वांचणाऱ्या पैशांतून दोघांच्या नांवें पोस्टांत सारख्याच रकमेची आवर्ती ठेव सुरू केली आहे. बंधूंनीं सकाळचा अर्धा तास मागून घेतला. नातवास ते संध्या व रुद्र सांगतात. शब्दरूपें आणि स्तोत्रें दोघांस. पहिल्या आठवड्यांत 'राम' शब्द सातही विभक्तींत न चुकतां नातीनें म्हणून दाखविला. बंधू माझ्याकडे पाहूं लागले. मी कांहीं बोललों नाहीं.

आमचा निकाल सर्वांस लागू पडेल असें नाहीं. कोणाच्या गांवीं कॉन्व्हेंट बरें असेल, कोणाच्या घरीं वेदाची खरी ओढ असलेला मुलगा असेल, कोणास नव्या शाळेची फी सहज झेपत असेल. माझी विनंती एवढीच कीं, जूनपूर्वीं प्रत्येक घरानें खर्चाची वही उघडावी, घरांतील प्रत्येक मुलामुलीच्या नांवाचें एक एक पान करावें, आणि दहा वर्षांचा हिशेब मांडावा. कोणतें पान कोरें राहतें तें पाहावें. शाळा कोणती, हा प्रश्न त्यानंतर सुटावयास फारसा वेळ लागत नाहीं. आमच्या वहींत आतां नातीचें पान आहे. मुलीचें पान मात्र मला आतां लिहितां येत नाहीं.